छंदाच्या रकान्यात न मावलेलं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ‘छंद व आवडी’ असा एक रकाना होता. लांबी बोटभर. मागं रांग, खिडकीतले क्लार्क घाईत, मी ‘खो-खो, वाचन’ एवढं खरडलं आणि अर्ज आत सरकवला. बस येईपर्यंत मात्र वाटत राहिलं की आपण दुसऱ्याच कुणा मुलीचा अर्ज भरून आलो. तेव्हापासून लग्नात, जत्रेत, बसमध्ये, कॉलेजच्या पायऱ्यांवर जो भेटेल तो तेच विचारतो, आणि माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी सांग, तू कुठली?

येळ्ळूरची. बेळगावातून वडगाव ओलांडून दक्षिणेला आलात की भाताची शेतं लागतात, आणि शेतांच्या मागं राजहंसगड. पावसाळ्यात धुक्यानं गड दिसत नाही तेव्हा आज्जी म्हणते, ‘गड झोपलाय.’ बासमती तांदळासाठी आमच्या गावाचं नाव घेतात. मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे, सायन्सला. बाहेरच्यांसाठी: पीयूसी म्हणजे अकरावी-बारावीच.

आवडता खेळ?

खो-खो. पाचवीपासून. पहिल्यांदा संघात घेतलं ते मी चांगली पळते म्हणून नाही, एक मुलगी मावशीच्या लग्नाला गेली म्हणून.

खो-खो काय, शाळेतला खेळ. पुढं काय त्यात?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो, बहुधा क्रिकेटवाल्या मामांकडून. तर मामा, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही अंतिम सामने भारतानं नेपाळविरुद्ध जिंकले. मुलींचा गुणफलक होता 78-40. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, संघात चैत्रा बी. कर्नाटकची. त्यामुळं आमच्या घरात तरी कुणाची टाळी कुणासाठी यावर वाद झाला नाही.

खेळ दिसतो सोपा. मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब. मधल्या पाटीवर आठ चौक, त्यात आठ जणी बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारीला मात्र सगळी मोकळीक. ती एका वेळी तिघींच्या तुकडीनं उतरते आणि बसलेल्या मुलींच्या मधून सुईत दोरा ओवल्यासारखी आत-बाहेर करत राहते. याला आम्ही साखळी म्हणतो. डाव 9 मिनिटांचा, लहान गटाला 7.

माझं काम संरक्षण. दोन मिनिटं टिकले की सर मान डोलावतात, अडीच झाली की खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढतात. ही चिक्की मला आजवर तीनदा मिळालीय.

खरी गंमत मात्र चौकात बसण्यात आहे, आणि ती बघणाऱ्याला कळत नाही. एक पाय पुढं, एक मागं, दोन्ही तळहात जमिनीवर, पार्श्वभाग टाचेपासून जरा वर. मुरमाचे खडे तळव्यात रुततात. डोळ्यासमोर तुमच्या बाजूचं अर्धं मैदानच असतं, बाकी सगळा खेळ पाठीमागं चाललेला. तो कानानं बघायचा. पावलं जवळ आली, श्वास ऐकू आला, आता पाठीवर हात पडणार, आता. आणि हात शेजारणीच्या पाठीवर पडतो.

तुझी सगळ्यात वाईट मॅच कोणती?

आठवीतली, तालुक्याची. शेवटचं मिनिट, आम्हाला एकच गडी बाद करायचा होता, आणि त्यांची शेवटची मुलगी माझ्यासमोरूनच वळत होती. मागून ‘खो’ ऐकू आला. उठले, झेपावले, हात तिच्या खांद्याला लागला. शिट्टी. मी नाचायला लागले. पंच मान हलवत होते.

‘खो’ दिला होता कंपाउंडवर बसलेल्या कुणा पोरानं. माझ्या पाठीला हात लागलाच नव्हता आणि आनंदाच्या भरात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. फाउल झाला की पाठलाग करणारीला उलट्या दिशेनं जावं लागतं. तेवढ्यात ती मुलगी दुसऱ्या टोकाला पोचली आणि वेळ संपली. एका गुणानं गेलो. बसमध्ये कुणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. मागच्या सीटवरून एकीनं केळं पुढं केलं, ते मी येळ्ळूर येईपर्यंत हातात धरून बसले.

तो पोरगा अजून सापडलेला नाही.

खेळताना कुठल्या भाषेत ओरडता?

तोंडाला येईल त्या. आमची शाळा मराठी माध्यमाची, संघ मराठी, पण जिल्हा पातळीवर गेलो की समोर गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या मुली. त्या ‘ओडु, ओडु’ ओरडतात, म्हणजे पळ. ‘हिडी’ म्हणजे पकड. घाई करायची असली की ‘लगूना बा’. यातला ‘लगू’ आपलाच की, आज्जीही ‘लगूलगू ये’ म्हणते. सुरुवातीला आम्ही ठरवलं होतं, आपले डावपेच मराठीत ओरडायचे, त्यांना कळणार नाही. त्यांना सगळं कळत होतं. निम्म्या जणींच्या घरी मराठी मालिका चालतात.

आता कॉलेजच्या संघात माझ्या शेजारच्या चौकात बैलहोंगलची मुलगी बसते. आमची भाषा म्हणजे अर्धं हे, अर्धं ते, आणि फाउल झाला की दोघी आपापल्या आईच्या भाषेत.

सीमाप्रश्नावर तुझं मत काय?

काका, हे छंदाच्या रकान्यात येत नाही. पुढचा प्रश्न.

क्रिकेट, फुटबॉल काहीच नाही?

बघते. दादा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धांत खेळतो, आणि सोमवारी कंबर धरून कामाला जातो. त्याला बेळगावचा रोनित मोरे म्हणजे घरचाच माणूस वाटतो, कारण आपल्या गावाकडचा पोरगा कर्नाटकाकडून रणजी खेळला. फुटबॉलचं वेड कॅम्प आणि टिळकवाडीकडं जास्त. लेले ग्राउंडवर भर पावसात, घोटाभर चिखलात मुलं खेळतात ते बघायला मला आवडतं. हॉकीत तर बेळगावचे बंडू पाटील 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते. मला हे दहावीपर्यंत माहीत नव्हतं याची लाज वाटते. शाळेच्या भिंतीवर एवढे सुविचार रंगवतात, तिथं एक ओळ याची असती तर काय बिघडलं असतं?

कुस्तीच्या मैदानात तू काय करत होतीस?

बघत होते. चांगळेश्वरीच्या यात्रेत आमच्याकडं कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं, महाराष्ट्र मैदान म्हणतात त्याला. आजोबा मला लहानपणी खांद्यावर घेऊन जायचे. मुलगी म्हणून कुणी अडवलं नाही, कारण आजोबांना अडवायची कुणाची टाप नव्हती. आधी पोराटोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग हळूहळू इनाम चढत जातं. हलगी कडाडली की आजोबांचे गुडघे आपोआप वाकायचे. त्यांनी मला डाव नावानिशी शिकवले: ढाक, घिस्सा, एकलांगी, कलाजंग. आजही कलाजंग बसला की मी आधी ओरडते आणि मग आजूबाजूचे वळून बघतात.

स्वतः आखाड्यात उतरले नाही. पण ‘पोरींना काय जमतंय’ म्हणणाऱ्यांना मी तुरमुरी दाखवते. तुरमुरी म्हणजे बेळगावच्या पश्चिमेचं खेडं. तिथल्या मलप्रभा जाधव यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये 52 किलो गटात कांस्यपदक आणलं. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची कुस्ती. उभ्यानं लढायची, प्रतिस्पर्ध्याला उचलून पाठीवर टाकायचं, जमिनीवरची झटापट नाही. नदीचं नाव असलेली मुलगी उझबेकी कुस्तीत पदक आणते, यावर आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि मग म्हणाले, ‘ढाकच हाय की तो.’

ती निळी वही कसली? त्यात काय लिहित असतेस?

पक्षी. चाळीस रुपयांची दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर तीन रकाने: मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी नाव. कन्नड रकाना बैलहोंगलची मैत्रीण भरून देते. बगळ्याला त्यांच्यात बेळ्ळक्की म्हणतात, म्हणजे पांढरा पक्षी. एकदा ऐकलं की विसरत नाही.

ही सुरुवात रोप लावणीच्या दिवसांत झाली. चिखल करायला ट्रॅक्टर शेतात उतरला की त्याच्या मागं गायबगळे रांगेनं चालतात, शाळेची प्रभातफेरी निघाल्यासारखे. त्यात एक मळकट तपकिरी होता. बांधावर बसलेला दिसतच नव्हता, आणि उडाला तेव्हा पंख एकदम पांढरेशुभ्र. बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘ढोकरी हाय ती.’ मराठी पुस्तकात त्याला वंचक म्हणतात, फसवणारा. ती पहिली नोंद. आता एकशे सात आहेत.

सगळ्यात लाडकी दोन पानं सांगते. नीलपंख कर्नाटकाचा राज्यपक्षी. भात कापून झालं की तो आमच्या रस्त्याच्या विजेच्या तारेवर येऊन बसतो. बसलेला असताना साधाच, उडाला की सगळा निळा उलगडतो. हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो गावाबाहेरच्या वडावर फळं पिकली की थव्यानं येतो, हिरवा इतका की पान कुठलं आणि पक्षी कुठला कळत नाही. तारेपासून वडापर्यंत माझी शंभर पावलं होतात, मोजलीत. मघाच्या काकांना पाहिजे तर हे सांगा.

किल्ल्यांवर कुणाबरोबर जातेस? घरून सोडतात?

दादा, त्याचे दोन मित्र, माझी चुलत बहीण आणि डब्यात भाकरी असली की सोडतात. राजहंसगड घरचाच, तिथं शिवमंदिरात दर श्रावण सोमवारी जाणं होतं. छत्रपतींचा मोठा पुतळा 2023 मध्ये बसला, तेव्हापासून गर्दी वाढलीय आणि चिप्सची पाकिटंही.

बाकीचे बरेचसे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. सीमेवरची शिनोळी ओलांडली की दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते, चहाची चव तीच राहते. महिपाळगडावर वस्ती आहे, त्यामुळं गडावर पोचलात की पहिल्यांदा कुत्रं भुंकतं. खाली देवरवाडीचं वैजनाथ मंदिर. कलानिधीगड, गंधर्वगड झाले. पारगड सगळ्यात आवडता. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा तिथले किल्लेदार होते आणि मालुसऱ्यांची घरं अजून तिकडं आहेत. इतिहासाच्या पुस्तकातलं आडनाव दारावर बघितलं आणि मला काही सुचेना. मी त्या आजींकडं पाणी मागितलं. त्यांनी गूळही दिला.

बेळगावचा भुईकोट मात्र आम्ही ‘किल्ला’ म्हणून बघायला जात नाही, रस्त्यावर येता-जाता खंदक दिसतो म्हणून. आत कमल बस्ती आहे, जुनं जैन मंदिर. छताला दगडात कोरलेलं कमळ आहे, ते बघायला जमिनीवर आडवं पडावं लागतं. मी पडले होते, बहिणीनं फोटो काढला, आईला दाखवला नाही.

राहिलेला एकच, भीमगड. खानापूरच्या जंगलात आहे, 2011 पासून अभयारण्य, परवानगीशिवाय जाता येत नाही. तिथल्या बारापेडे गुहेत एका अतिशय दुर्मीळ जातीची वटवाघळं राहतात. म्हणजे किल्लाही आणि वहीतली नोंदही. दादाला अजून सांगितलेलं नाही की मला किल्ल्यापेक्षा वटवाघळं बघायचीत.

शिवजयंतीच्या चित्ररथात हिरकणी तूच होतीस ना?

होय. आणि बाहुलीचं डोकं पडलं तीही मीच.

महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती 19 फेब्रुवारीला. बेळगावात मोठा उत्सव वैशाखात, तिथीनं, आणि त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलचा कडा उभा केलेला, मागं जनरेटर, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला. आपण फक्त ओठ हलवायचे. प्रत्येक चौकात तोच प्रसंग पहिल्यापासून. रात्री नऊला सुरुवात केली, उजाडेपर्यंत मी चौदा वेळा तो कडा उतरले. अकराव्या वेळी पाळण्यातल्या बाळाला उचललं आणि डोकं पाळण्यातच राहिलं. लाउडस्पीकरवर माझा आवाज रडत होता, ‘माझं बाळ, माझं बाळ!’ समोरचा चौक हसून हसून खाली बसला. मी डोकं पदरात घेतलं आणि प्रसंग पूर्ण केला. पुढचे तीन चौक बाळ पदराबाहेर आलं नाही.

लोकांना वाटतं मला अभिनयाची आवड आहे. नाही. मला ती रात्र आवडते. पहाटे अडीचला खांद्यावर झोपलेली पोरं घेऊन उभी असलेली माणसं, चहाच्या किटल्या, दुसऱ्या मंडळाच्या अफजलखानाशी वडापाव वाटून खाणं.

‘वाचन’ लिहिलंस, खरंच वाचतेस का सगळे लिहितात म्हणून?

थोडं सगळे लिहितात म्हणून, थोडं खरं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. तिथं जायचं निमित्त काढून मी कॉलेज सुटल्यावर एक बस सोडते. आणि हिवाळ्यात आमच्याकडं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात: कडोली, उचगाव, बेळगुंदी, कारदगा, येळ्ळूर. खेड्यातली संमेलनं, पण सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, नऊवारीतल्या बायका, आणि दुपारी सगळ्या गावाला जेवण. पाहुणे लेखक भाषणात हमखास म्हणतात की सीमाभागात मराठी टिकवून ठेवलीत. मला तेव्हा जरा अवघडल्यासारखं होतं. आपण रोज बोलतो ती भाषा टिकवतोय असं घरात कुणाला वाटत नाही. आई ‘काय करूलालीस गं, भांडी घास’ म्हणते तेव्हा तीही काही टिकवत नसते.

कविता करते का? एकदा केली. संमेलनात वाचली. दुसरं कडवं विसरले.

मोबाइलवर किती वेळ?

आईला विचारलं तर दिवसभर. मला विचारलं तर पक्ष्यांच्या आवाजाचं मर्लिन ॲप आणि खो-खोचे व्हिडिओ. खरं दोन्हीच्या मधे कुठंतरी.

या सगळ्यात अभ्यास कधी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, तरी देते. दहावीला 86 टक्के पडले. पीयूसीत पहिले दोन महिने मात्र हाल झाले. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत. फिजिक्सचे सर ‘फ्रिक्शन’ म्हणाले, सगळा वर्ग लिहितोय, मी बघत बसले. मग त्यांनी फळ्यावर घसरणारा ठोकळा काढला आणि लक्षात आलं, अरे, हे तर घर्षण. खांबाला वळसा घालताना अनवाणी पाय मुरमावर घसरतो की धरतो, तेच. त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर पक्ष्यांसारखेच तीन रकाने आखले आणि त्यात शब्द भरायला लागले. घर्षण, घर्षणे, फ्रिक्शन. कन्नड आणि मराठी शब्द जवळपास एकच निघाला, इंग्रजी तेवढा वेगळा.

याचा फायदा काय? सर्टिफिकेट मिळतं?

खो-खोचं मिळतं. बाबांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर ठेवलंय, स्पोर्ट्स कोट्याला लागेल म्हणून. बाकीच्याचं नाही मिळत. वंचक ओळखता येतो याचं कोण देणार? एका मावशीनं सरळ विचारलं, ‘मग कशाला करायचं?’ मी म्हटलं, तुम्ही टीव्हीवरची मालिका कशाला बघता. त्या वर्षी दिवाळीला मावशीकडून भेट आली नाही.

न आवडणारं काही?

शिवणकाम. स्पर्धेतल्या रांगोळ्या. पहाटे पाचला उठवून ‘चल पळायला’ म्हणणारा दादा. आणि छंद विचारून उत्तर ऐकायच्या आधी स्वतःच्या मुलाचे छंद सांगायला लागणारी माणसं.

आक्का, यंदा दिवाळीत कुठला किल्ला करायचा?

हा धाकट्या चुलत भावाचा प्रश्न, गणपती उठल्यापासून रोज. मागच्या वर्षी पारगड केला होता. विटा रचल्या, गोणपाट तांबड्या मातीच्या पातळ चिखलात बुडवून वर पसरलं, बोटांनी दाबून सुळके काढले. सगळं झक्क. फक्त मोहरी पेरायची राहिली. ती आठ दिवस आधी टाकावी लागते, मी तीन दिवस आधी टाकली. नरकासुर जळून गेला तरी गड टकलाच. भाऊबीज संपल्यावर हिरवळ आली, तोपर्यंत बुरुजावर मांजरानं घर केलं होतं आणि दोन मावळे तिच्या पोटाखाली.

यंदा कलानिधीगड. मोहरी आणून ठेवलीय, तारीख निळ्या वहीत लिहिलीय. अडचण एकच आहे: आज्जीनं ते गोणपाट धुऊन, वाळवून, बियाण्याच्या भाताखाली अंथरलंय, आणि ते मागायला आधी कुणी जायचं यावर आमचं दोघांचं अजून ठरलेलं नाही.